न दिलेला कुकारा

काय म्हणालात मघाशी राईतून येताना? 'किती शांत आहे हो इथं, आत्ये!' ऐकलं मी. शहरातनं येता, दोन दिवस राहता, झाडांना मिठ्या मारता, बांधावर उभं राहून फोटो काढता आणि म्हणता शांत आहे. अरे, तुमच्यासारख्यांपुढे ती राई बोलणार तरी काय? बसा इकडे. तो फोनचा उजेड मालव आधी, चष्मेवाल्या, डोळ्यांत जातोय. हां. आता ऐका.

ही गोष्ट माझ्या भावाची, भागोजीची. सख्खा भाऊ, म्हणून सांगते, असला शिष्ट माणूस या वाडीत दुसरा झाला नाही. शहरात एका पेढीवर कामाला होता. काम काय, तर पोती उचलायची! पण गावी आला की पायात बूट, खिशाला पेन, आणि चालणं असं की जणू सगळा मुलूख यानंच वसवला. आणि तोंड? देवा रे! माझ्या वहिनीला, अनशीला, लग्न झाल्यापासून नावानं हाक मारली नाही त्यानं. 'ए म्हशी.' 'बहिरी झालीस का गो?' ताट पुढ्यात आलं तरी शिवी, नाही आलं तरी शिवी. आम्हाला वाटायचं, ह्याला बोलायला शिकवलं कुणी? आईबापाला नावं ठेवायची म्हणजे माझ्याच आईबापाला, म्हणून गप्प बसायची मी.

आता राईचं ऐका. तुम्ही आज दिवसाउजेडी आलात ना, तीच वाट. वर सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, एसटी सोडते. तिथनं गाडीरस्ता नदीकडनं वळसा घालून येतो, आणि पायवाट राईतनं उतरते. राई संपली की भाताची खाचरं, खाचरं संपली की पहिलं घर आमचं. काळोखात राईतनं यायचं, तर आमच्याकडे रीत आहे. राईच्या तोंडाशी उभं राहायचं, हात तोंडाशी धरायचे आणि लांब कुकारा द्यायचा. ऊऽऽऽऽ! असा. घरातनं उलटा कुकारा आला की मगच पाऊल आत टाकायचं. का? तर राईतल्याला कळतं, की या माणसाची कुणीतरी वाट बघतंय. मग तो वाटेला जात नाही.

राईतला म्हणजे कोण विचारतोस? चकवा. दुसरं कोण असणार? त्याला स्वतःचा आवाज नाही, स्वतःचं घर नाही. जो माणूस आपला आवाज देत नाही, त्याचा आवाज तो काढून घेतो. तो आवाज घेऊन त्याच्याच दारात जातो. आतल्यांनी दार उघडलं, तो उंबऱ्याच्या आत आला, की संपलं! खरा माणूस राईत राहिला, कायमचा. हसा, हसा. मीही हसायची तेव्हा.

कार्तिक होता. भात कापून झालेलं, खाचरं मोकळी. शेवटच्या एसटीनं भागोजी उतरला. बरोबर आमचा गुरव उतरला, रामा. तो म्हातारा गाडीरस्त्याला लागला आणि म्हणाला, "भागोजी, राईतनं जातोस तर निदान कुकारा तरी दे."

तर हा काय म्हणाला? "बोंबलायला मी काय गुरं राखतो?"

आणि शिरला! बुटांसकट शिरला, मुकाट्यानं! राई देवाची, पण बूट काढायची अक्कल नाही ती नाहीच.

आत गेला. बॅटरी मारली. बॅटरीचा उजेड दोन हात गेला आणि थांबला, जणू पुढे कुणी घोंगडी धरलीय. हा चालतोच आहे. सातवीणीचं झाड लागलं, बुंध्याशी दगड, त्याला वळसा घातला. पुढे गेला. पुन्हा सातवीण! तीच. खाली तोच दगड. म्हणाला, चुकलो असेन. पुन्हा गेला. पुन्हा सातवीण! अरे, शहाणा माणूस असता तर तिथंच बूड टेकून उजाडेपर्यंत बसला असता. हा कसला बसतोय! झाडाला शिव्या घातल्या. झाडाला!

मग खोकला ऐकू आला. बाजूनं कुणीतरी चालतंय आणि खोकतंय. ह्यानं पाऊल टाकलं की पाऊल. हा थांबला की ते थांबतंय. खोकला ओळखीचा वाटला. कुणाचा असेल? ऐका, ऐका. ह्याचाच! तंबाखूनं खरवडलेला, खर्रर्र असा, ह्याचाच खोकला!

तेव्हा घाबरला. तेव्हा आठवला कुकारा. हात तोंडाशी धरले, छाती भरून घेतली आणि... काही नाही. नुसता वारा. घशातनं आवाजच येईना! आणि पुढनं, खाचरांच्या बाजूनं, दणदणीत कुकारा आला. ऊऽऽऽऽ! भागोजीचा आवाज. भागोजी मागे उभा, आणि त्याचा आवाज पुढे!

आता घरातलं मी सांगते, कारण मी घरात होते. माहेरपणाला आले होते. कुकारा आला, वहिनीनं ओटीवर जाऊन उलटा कुकारा दिला आणि आत येऊन अडसर घातला. तेवढी सवय तिला. थोड्या वेळानं पावलं वाजली. खोकला. दारावर थाप.

"अनशे," बाहेरनं आवाज आला, "दार उघड गो. दमली असशील."

मी उठले. म्हटलं, दादा आला! अडसराला हात घातला. वहिनीनं माझं मनगट पकडलं. असं पकडलं की बांगडी रुतली.

"जेवलीस का गो?" बाहेरनं विचारलं.

वहिनी हलली नाही. अडसरावर हात ठेवून उभी.

"भात निवला असेल तर असू दे. तसाच जेवीन मी. तुझी टाच फाटली होती, ती भरली का?"

मला काही कळेना. आवाज दादाचा. शब्द कुणाचे? वहिनीकडे बघितलं तर तिचे डोळे भरलेले. मी कुजबुजले, "वहिनी, थंडीत उभा आहे तो, उघड ना."

आणि तिकडे भागोजी कुठं होता? खाचराच्या शेवटच्या बांधाशी. राईनं सोडलं होतं त्याला, तेही बघायला लावण्यापुरतंच. समोर स्वतःचं घर. ओटीवर दिवा. दिव्याखाली पाठमोरा माणूस, त्याचाच सदरा, पायात त्याचेच बूट. हा खाली बघतो तर पाय उघडे! बांध गुडघ्याएवढा, पण पाय उचलेना. ओरडता येईना. दार उघडलं की आपण संपलो, एवढं त्याला कळत होतं. आणि आत आपली बायको आहे, जिला दार उघडायला उशीर झाला की आपण लाथा घालतो, हेही कळत होतं. उघडणारच ती! पळत येऊन उघडणार! हे त्यानं स्वतः सांगितलं मला, रडत. मला कीव आली नाही. खरं सांगते, नाही आली.

"अनशे, माझे बाय," बाहेरनं आवाज आला, "रुसलीस का?"

तेव्हा वहिनी बोलली. आवाज न चढवता बोलली.

"माझा नवरा शिवी घातल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. तू कोण रे?"

मग धाडकन दारावर आदळलं. कौलं थरारली, दिवा विझला, आणि तोच आवाज, पण आता चारी बाजूंनी, "उघड! उघड! उघड!" मी देवाचं नाव घेत कोपऱ्यात. आणि वहिनीनं काय करावं? तुम्हाला नाही कळायचं ते. त्या काळात बाई मेली तरी नवऱ्याचं नाव घ्यायची नाही. तिनं खिडकीच्या गजाला तोंड लावलं आणि राईच्या दिशेनं कुकारा दिला, नावानं दिला. "भागोजीऽऽऽऽ! ये रे घरीऽऽऽ!"

घरच्यांनी नाव घेऊन बोलावलं त्याला चकवा काय धरणार? ओटीवरचा आवाज तुटला. आणि खाचरातनं, लांबनं, फाटका, बसका ओरडा आला:

"कोण गो ती म्हैस माझं नाव घेऊन कोकलतेय? लाज विकलीस काय?"

"हा आपला," वहिनी म्हणाली आणि अडसर काढला.

आला. अनवाणी, चिखलानं भरलेला, तापानं फणफणत. उंबऱ्याशी कोसळला. सुधारला म्हणता? छे! तापातनं उठला आणि पेज खारट झाली म्हणून ताट भिरकावलं त्यानं. पुढं तसाच जगला, तसाच मेला.

तेव्हा ऐका, उद्या काळोख पडल्यावर ती वाट धरू नका. गाडीरस्त्यानं या, लांब पडला तरी. आणि तू रे, बायकोशी गोड बोलतोस ना येता-जाता? बघितलं मी. तू तर मुळीच जाऊ नकोस. तुझी बायको फसेल बिचारी, झटक्यात दार उघडेल.

काय? आणखी काय विचारायचंय? हां, ते. ते मीही विचारलं होतं तिला, भागोजी गेल्यावर, बऱ्याच वर्षांनी. म्हटलं, वहिनी, तू ओळखलंस कधी? म्हणाली, पहिल्याच शब्दाला. अनशे म्हणाला ना, तेव्हाच. म्हटलं, मग लगेच का नाही हाकललंस त्याला? माझा जीव जात होता, तिकडे दादाचा जात होता, आणि तू अडसर धरून उभी!

भाकरी थापत होती. हात थांबवला नाही तिनं.

म्हणाली, "जेवलीस का, असं विचारलं गो त्यानं. म्हटलं, आणखी काय काय विचारतोय, जरा ऐकू."