मालकाच्या हौदाचा डबा

माहं माहेर धाड गावाकडचं, पन धाड मले फारसं आठवत नाई, काऊन का बाप रस्त्याच्या कामावर खडी फोडे अन जिथं काम निंघन तिथं आमचं बिऱ्हाड. मंग इकडं मोताळ्याकडं धरनाचं काम निंघालं तं आमी इकडं आलो. मायच्या संगं मी रेती चाळो. काय सांगू भाऊ तुमाले, लोकाइच्या पोट्ट्याइचा हात पाटीवर बसला, माहा हात चाळनीवर बसला. मुठीत रेती घेऊन दाबली का मले समजे, हिच्यात माती हाय का नाई. धुतलेली रेती कुरकुरते, मातीची रेती गप राह्यते. माय म्हने, कौतिके, तुले रेतीच्या पोटातलं आयकू येते वं. हेच माहं शिक्षन.

सोयरीकबी इथलीच झाली. आमचे हे, सुमनचे बाबा, मालकाच्या कापसाच्या जिनात इंजनवर होते. मालक म्हंजे या गावचा मोठा मानूस, जिन त्याचं, बंगला त्याचा, वावरं तर मोजाचं कामच नाई. त्याचा लेक मुंबईहून शिकून आला अन म्हने मले पोहाले हौद पायजे. मालक म्हने, काऊन, मी इहिरीत पोहलो तं मेलो का? लेक म्हने, इहिरीत बेडकं असतात. झालं. बंगल्यामागं हौद बांधला, अन त्याच्या संगं आला हा डबा. लोखंडाचा, मानसाहून उंच, वर झाकन. आत खाली गोटे, त्याच्यावर खडी, मंग जाड रेती, मंग बारीक. मोटर सुरू केली का हौदाचं पानी वरून डब्यात ये, रेतीतून खाली झिरपे अन साफ होऊन परत हौदात जाये. आठ-पंधरा दिसात रेतीत गाळ बसला का डब्यावरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा चढे. मंग चाकं फिरवून पानी उलटं सोडाचं, खालून वर. रेती खदखदे, अन सारा मळ नालीत. पन हात हळू पायजे, नाईतं मळाबरोबर रेतीबी नालीत.

हे काम इंजनवाल्याचं म्हनून आमच्या ह्याइच्या गळ्यात पडलं. माह्या गळ्यात कसं आलं तं आयका, गंमत हाय. हौद भरला त्या दिशी मालकिनीनं पूजा घातली. पान्यात दूध ओतलं, तेही घागरीनं, हळद-कुंकू, फुलं, वरून तुपाचे दिवे सोडले. लेक म्हने, आई, पुरे. ती म्हने, एवढं पानी आपल्या घरी आलं अन त्याची ओटी नाई भराची? चार दिसानं बंगल्यात नासलेल्या दह्याचा वास. डब्यातल्या रेतीचे गोळे झाले, तुपानं एकमेकाले चिकटलेले, पानी खालीच उतरेना. सारी रेती काढनं आलं, अन झाकनातून आत जाईन असा बारीक मानूस जिनात कोनी नवता. ह्यायनं मले बलावलं. मी आत उतरली, टोपल्या भरभरून रेती वर देल्ली, नव्या पान्यात धुतली, मुठीत दाबून पाह्यली, परत थरावर थर भरले. तवापासून तो डबा माहाच झाला म्हना.

आमी दीक्षा घेतलेले लोक. वस्ती गावाबाहेर, अन वस्तीची इहीर पायऱ्याची. गावच्या इहिरीवर आमाले जाता येत नवतं. कायद्यानं येत होतं, गावानं येत नवतं. अन मालकाच्या बंगल्यात कसं, तं त्याइच्या हौदाचं सारं पानी माह्या हाताखालून जाये, पन हौदाच्या काठावर पितळी गडू ठेवलेला, त्याले मी हात लावला असता तं मालकिनीनं तो इस्तवात टाकला असता. तहान लागली का मी ओंजळ करो अन गडी वरून ओते. पानी साफ कराले माहा हात चाले, पानी प्याले नाई. तवा एवढा इचार नाई केला. आता तुमी इचारून राह्यले तं बोलतो.

मंग ह्याइले नारू झाला. तुमी शहरातले, तुमी नारू कुठून पाह्यसान. पायाले फोड येते, आग होते, फोड फुटली का त्याच्यातून सुतावानी किडा. तो ओढाचा नाई. काडीले गुंडाळाचा, रोज एक-दोन बोटं. तुटला का पाय सुजून मानूस खाटेवर. आमच्या वस्तीत दर उन्हाळ्यात घरटी एक काडी असे. पोट्टे लंगडत, बाया लंगडत, अन पायाची आग शांत कराले जो तो इहिरीच्या पायऱ्या उतरून पान्यात पाय सोडून बसे. तेच पानी आमी प्यो. लोक म्हनत, नशिबातलं हाय.

ह्याइचा किडा तुटला. पेरनी आली तरी हे खाटेवरच, अन डब्यावर मी एकली. एक दिस मालकाकडं डाक्टर पोहाले आला, भला मानूस होता, त्याले मी इचारलं. तो म्हने, बाई, हा पान्यातून होते. आज प्यालं तं साल भरानं पायातून निंघते. गाळून पानी प्या, अन इहिरीत कोनाचा पाय पडू देऊ नोका. मी त्या डब्याकडं पाह्यलं. मनात म्हनलं, मी मालकाच्या पोराच्या आंघोळीचं पानी गाळून राह्यली, अन माही सुमन नारूचं पानी पिऊन राह्यली.

सुमन म्हंजे माही लेक, एकच. तिले मोताळ्याच्या शाळेत घालाचं होतं. चालत जानं, चालत येनं. तिच्या पायाले अजून काई नवतं. पन पोटात असन का नसन, कोन सांगन? मी रोज सांजच्याले तिचे पाय धुवो अन बोट फिरवून पाहो. ती म्हने, माय, गुदगुल्या होतात वं. मले रडू ये.

त्याच साली मालकाच्या लेकानं नवा डबा आनला. जुना कंपाऊंडच्या भिंतीले टेकवला, भंगारले देऊ म्हने. मी मालकाले म्हनलं, मले द्या. तो म्हने, जाय घेऊन, तुले देल्ला. मी पळतच वस्तीत आली.

माहा दीर दिनकर, वस्तीत शिकलेला तोच, विहाराच्या ओट्यावर रोज पेपर वाचून दाखवे. मले वाटलं होतं त्याले आनंद होईन. तो म्हने, वैनी, कोनाचा डबा? म्हनलं, मालकाचा. कसा देल्ला? म्हनलं, फुकट. तो उठूनच उभा राह्यला. म्हने, आपन शिळे तुकडे बंद केले, मेलेलं ढोर ओढनं बंद केलं, त्याच्यापाई गावानं आपली मजुरी बंद केली, तेही सोसलं, अन आता त्याइनं फेकलेला डबा वस्तीत आनाचा? वस्तीतली गयाबुढी म्हने, अवं, त्याइच्या आंघोळीचा मळ ज्याच्यात बसला त्याचं पानी आमाले पाजतं का? बैठक बसली, अन ठरलं, डबा नाई आनाचा.

मले लय राग आला. घरी येऊन भाकरी थापता थापता दिनकरले शिव्या देल्ल्या. म्हनलं, तुहा मान मोठा, अन माह्या लेकराचे पाय? पन भाऊ, खरं सांगतो, तो खोटं बोलत नवता. माह्या सासूनं त्या गावात शिळ्या भाकरीसाठी पदर पसरला होता, तो पदर तिनं सोता मिटवला. मी तोच पदर परत उघडून राह्यली होती का? एकीकडं तिचा पदर, एकीकडं सुमनचा पाय. भाकरी तव्यावर जळली तरी मले समजलं नाई.

सकाळी मी मालकाकडं गेली. जिनाचे सारे मजूर तिथं उभे होते. म्हनलं, मालक, डबा फुकट नको, इकत द्या, माह्या पगारातून कापा. तो हासला. म्हने, कौतिके, भंगाराचा डबा, त्याचे काय पैसे घेऊ? म्हनलं, भंगारवाला देईन तेच घ्या. मालकीन आतून म्हने, माज आला हिले, देल्लेलं नाई घेत. मी म्हनलं, बाईसाहेब, देल्लेलं लय घेतलं आमच्या बुढ्याइनं. मालकाचं हासू गेलं. मी म्हनलं, अन इकला म्हनून या लोकाइसमोर सांगा. तो म्हने, इकला बा, इकला! ने तुहा डबा!

पगार कापला त्या दिशी मी दिनकरच्या दारात उभी. म्हनलं, आता तं कोनाचा डबा? तो पेपरची घडी घालून उठला. म्हनलं, मंग उचल बे आता, जड हाय. तो हासला अन सोता खांदा देल्ला.

जुनी रेती आमी कंपाऊंडमधीच उपसून टाकली, त्याइचा मळ त्याइले. नवी रेती नळगंगा नदीतून आनली. वस्तीच्या साऱ्या बाया धुवाले. गयाबुढीनं मूठ कानाशी धरली अन म्हने, हाव वं, बोलते बाप्पा! डबा ओट्यावर बसवला, वरून फडकं बांधलं, खाली तोटी. इहिरीच्या पायऱ्यावर बाभळीचे काटे टाकले, वरून रहाट बसवला. पान्यात कोनी पाय टाकाचा नाई. गयाबुढी पयला घोट घेऊन म्हने, चवच गेली वं पान्याची. म्हनलं, बुढे, ती चव गाळाची होती.

पुढच्या उन्हाळ्यातबी नारू निंघालेच. लोक म्हनत, कौतिकेचा डबा खोटा. दिनकर घरोघर जाऊन सांगे, बापहो, हा मांगच्या सालचा किडा हाय, दम धरा. मी दम धरला नाई, मी सुमनचे पाय धरले. ती मोताळ्याले जाये, परत ये, अन मी पाहो. दुसरा उन्हाळा गेला. वस्तीत दोनच काड्या. सुमनचा पाय साफ.

आता आयका शेवटचं. गावच्या पाटलाच्या लहान्या लेकाले लग्नाच्या सालीच नारू झाला. त्याची बायको, तरनी पोरगी, आमच्या ओट्यापाशी घागर घेऊन आली. दूर उभी राह्यली अन म्हने, कौतिकाबाई, वरून ओता जराक. वरून! मले ती ओंजळ आठवली. माह्या तोंडावर नकारच येत होता, पन तिच्या डोळ्यात तेच भेव होतं जे माह्या डोळ्यात होतं, पाय पाह्याचं. म्हनलं, पोरी, पानी कोनाले नाई म्हनत नाई आमी. पन इथं ओतून देत नाई कोनी. तोटी हाय, आपल्या हातानं सोड. ती घागर तशीच घेऊन परत गेली. दिनकर म्हने, वैनी, बरं केलं. मले जेवन गेलं नाई.

दुसऱ्या दिशी भर दुपारी ती परत आली. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, अन तोटीले हात लावला. घागर भरली. म्हने, मी तुमच्या तोटीले शिवली म्हनून सासूले सांगू नोका. म्हनलं, मी कायले सांगू? तूच सांगशीन कधीतरी. आता तिच्या मांगं तिची सासूबी येते. चालते, भाऊ, सारं हळूहळू चालते, रेतीतून पानी उतरते तसं.

मालकाचा लेक अकोल्याले गेला. हौद कोरडा, मालकीन त्याच्यात मिरच्या वाळू घालते. नवा डबा गंजला. जुना चालून राह्यला, अजून त्याची रेती मीच धुतो. सुमन औंदा मॅट्रिकले हाय, पळत जाते शाळेत. साऱ्याइच्या लेकी अशाच पळत राहो.

ऊन लय झालं, तुमाले तहान लागली असन. तो गिलास घ्या. नाई, मी नाई देत ओतून. उठा, तोटी आपल्या हातानं सोडा.