चौथी पायरी

डोळ्यांत औषध घालून निवृत्त नर्सबाई दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. मागे एक काका आणि त्यांची पुतणी बोलत होती. काकांना आता अक्षर दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी पूर्वी लिहिलेल्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमची माहिती पुतणी लिहून घेत होती.

“तीन पायऱ्या झाल्या, काका. काम नसलं की प्रोसेसर डुलकी घेतो, मग झोपतो, मग गाढ झोपतो. चौथी?”

“चौथीत त्याची वीजच तोडायची. ती मी बंद ठेवलीय, एवढंच लिही.”

“का ठेवली?”

“तो आपलं काम मोजत असतो ना? वीज परत दिली की आकडा पुढे गेलेला असायचा. मेलेल्याची नाडी लागावी तसं.”

“चिप खराब असेल.”

“तीनदा बदलली गं.”

कंपाउंडरने हाक मारली. नर्सबाईंनी हातानेच त्याला थांबवलं.

“काका, रागावू नका. काल मी चौथी उघडली.”

“अगं, कशाला?”

“आणि दुपारी भिंतीतली वायरही काढली. मशीनला बॅटरी नाही. आज सकाळी लावून बघितलं, तर रात्रभर मोजणं चालूच होतं.”

“कारण लिहू नकोस. वाचलं की माणूस उघडून बघतो.”

“लिहिलं नव्हतं, म्हणून तर मी उघडलं.”



“मग लिही. आकडा, तारीख, सगळं. खाली माझ्या जोडीला तुझंही नाव घाल.”

“माझं कशाला?”

“तेव्हा मी एकटा होतो, म्हणून कंपनीतल्यांनी मला वेड्यात काढलं.”