नटावरची लाल रेघ

वाशीमच्या हाडाच्या दवाखान्यात हरीओम बाकावरच्या सगळ्यांना सांगत होता, "गाडी मी घरीच बनवली, पण ब्रेक चांदमिस्त्रीनं लावले. म्हणून ती उलटली अन् बाबाचा पाय मोडला."

तेवढ्यात म्हातारा मिस्त्रीच डबा घेऊन दारात आला. मीही तिथंच माझ्या नंबरची वाट पाहत बसले होते. माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझी पिशवी होती. असल्या माणसासाठी ती कशाला उचलू? तो उभाच राहिला.

"बबनरावसाठी खिचडी आणली. कसे हायेत?"

"आत पलस्तर चालू हाये." हरीओमनं आवाज खाली आणला, पण जवळ बसल्यानं मला ऐकू येत होतं. "चाचा, एक सांगू?"

"सांग."

"ब्रेकचा तो आडवा बार मी फिरवला होता."

"पुढच्या-मागच्या चाकाले जोर वाटून देते तो? कायले?"

"मागची चाकं आधी जाम झाली का गाडी मस्त घसरते. दोस्तांले दाखवाचं होतं. बाबा बाजूले बसून आहे, हेही ध्यानात नाही राह्यलं."

"मले ठाव होतं. नट आवळला का मी त्यावर लाल रंगाची रेघ मारतो. उलटलेली गाडी पाह्यली तवा रेघ सरकली होती."

"मंग बोलले काहून नाही?"

"तुह्या तोंडून ऐकाचं होतं."

"चुकलो, चाचा. माफ करा."

"माफी कानात मागून राह्यला. बोल तं चारचौघांत लावला, मी दारातून ऐकला."

हरीओम उठला. बाकावरच्या लोकांकडे तोंड केलं.

मी पिशवी मांडीवर घेतली.

"बसा, मिस्त्री," मी म्हणाले. "पोराले बोलू द्या."