रिंगा बसू दे!

...नको, नको, खुर्ची नको मला! तुमी बसा. मी हाय हितं उभा तोच बरा. पाव्हना आला की 'बसा' म्हनायचं, ही तुमची रीत चांगली, पन ह्या बसन्यापायी माझी जी वाट लागलीय ना, ती ऐकाल तर तुमीबी उभे ऱ्हाल!

तुमाला सांगतो, दोष सगळा त्या गाडीचा. टू-स्ट्रोक फटफटी, चिखलातल्या शर्यतीची. मळवलीला ज्या बंगल्याची मी राखण करतो, त्या मालकाच्या लेकानं हौसेनं आनली, दोनदा आपटला, मग म्हनला, "अमृतभाऊ, तुम्हीच ठेवा." ठेवली! वय सेहेचाळीस, आन ठेवली! बरं, गेल्या साली शर्यतीला नेली ती कुटं? सुदुंबऱ्याला, माझ्या सासरी! आमची शालन, तिचं झाडून सारं माहेर माळावर हजर, झेंडा पडला, मी रेसची मूठ पिळली, पन्नास पावलं गेलो आन इंजिन जाम! गाडी थांबली. मी न्हाई थांबलो. आन तो लाउडस्पीकरवाला वरनं काय म्हनतो, "अमृतभाऊ पुढं गेलेले आहेत, गाडी मागनं येत आहे!"

तवापासनं मेव्हना भेटला की पयला सवाल, "दाजी, पोचली का गाडी?" तसा मान आधी लय होता अशातला भाग न्हाई. वीस वर्षं झाली लग्नाला, सासरच्या दारात गेलो की, "आलात व्हय? जरा तेवढी मोटर चालू करा." 'जावईबापू, बसा' म्हनून एकानं एकदा म्हनलं आसंल तर शपथ!

म्हनून या साली ठरवलं, नंबर नको, ढाल नको, फक्त एक फेरी पुरी करायची. शालन म्हनली, "करा. पन या खेपेला जाम झाली तर गाडी भंगारात, आन माझ्या माहेरी तुमी एकटे जायचं, मी न्हाई यायची."

मग काय, कुसगावला युनूसभाई मेस्तरीकडं इंजिन बांधलं. नवा पिस्टन, नव्या रिंगा. युनूसभाई हात पुसत पुसत म्हनला, "अमृतभाऊ, रिंगा नव्या हायेत. त्यांची त्यांना जागा करू द्या. वीस मिंटं चालवायची, मग थांबून थंड करायची, हात लावून गार लागली की परत वीस मिंटं. चढ न्हाई, वजन न्हाई, पिळायचं तर न्हाईच न्हाई. रिंगा बसू दे!"

बसू दे! म्हनायला काय जातंय? चार दिवस मी मळवलीच्या सपाटीला बैलगाडीच्या चालीनं फिरतोय. दूधवाला सायकलवरनं पुढं गेला... वळून बघून गेला! त्यात पेट्रोलमधी ऑइल जास्ती, धूर हा असा, बाया खिडक्या लावतात, "आगं पोरांना आत घे, डासांची फवारनी आली!" वीस मिंटं जितं संपतील तितं थांबायचं, तर रस्त्याकडंला उभा बघून, बंगल्यांचा दलाल समजून पर्यटकांच्या मोटारी थांबतात. "भैया, बंगला मिलेगा? स्विमिंग पूलवाला?" म्हनलं, साहेब, इंजिन थंड होतंय. तर म्हनतो, "अच्छा, एसी भी है?"

आता करायचं काय? बसू दे!

चौथ्या दिवशी फाटकापाशी थांबलोय, मालगाडी धडधडत चाललीय, आन तेवढ्यात शालनचा फोन. "काय म्हनला हो युनूसभाई?" मी वरडलो, "बसू दे म्हनलाय! बसू दे!" तिला काय तेवढंच ऐकू गेलं. झालं! दहा मिंटांत बघतो तर आमच्याकडं यायला निघालेल्या सासूबाई, अंबूबाई, लोकलनं उतरून, पिशवीत पाच किलो तांदूळ घेऊन रस्त्याच्या मधोमध उभ्या! "जावई, थांबा. शालन म्हनली, मेस्तरी म्हनलाय बसू दे. मग बसू दे की मला!"

अवो, कुटल्या तोंडानं न्हाई म्हनू? जोरात असतो तर दिसल्याच न्हाईत म्हनलो असतो, पन बैलगाडीच्या चालीला असं कुनाला सांगता येतं व्हय?

बसल्या. कट्ट्यावरनं चढून बसल्या! म्हंजे वजन आलं. घराकडं, कुसगावच्या वाटंला लागलो, म्हंजे चढ आला. राह्यलं काय? पिळायचं. सासूबाईंचा जीव मागं कासावीस. "मिरवनुकीत हाव का आपन? पिळा की!" म्हनलं, आत्याबाई, पिळायचं न्हाई. "न्हाई कसं? आवं जलमभर नदीवर गोधड्या पिळल्या म्या, पिळनं मला शिकवता?" आन काखेतनं हात घालून, माझ्या हातावर हात ठेवून, पिळली की हो!

गाडी सुटली! दूधवाला मागं पडला, मोटारी मागं पडल्या, आन मी वरडतोय, "रिंगा! रिंगा!" फुडं गतिरोधक. गाडी उडाली, मी उडालो. गाडी आधी खाली आली, मग मी आलो गाडीवर. म्हातारी? पिशवीसकट जागच्या जागी!

तसाच गॅरेजवर गेलो, तर इंजिनाला कान लावून युनूसभाई म्हनतो कसा, "वा! काय झकास बसल्यात रिंगा!" म्हनलं, आरं, वजन न्हाई, चढ न्हाई, तूच म्हनलतास ना? "म्हनलो व्हतो. पन बसल्या ना?"

आन डॉक्टर म्हनले, "माकडहाडाला मार आहे. महिनाभर बसायचं नाही."

तरी रविवारी सुदुंबऱ्याला शर्यतीला गेलो. ही गाडी तशी उभ्यानं चालवतातच. गेलो उभाच्या उभा, एक फेरी, सगळ्यांच्या मागनं, झेंडेवाला झेंडा गुंडाळत व्हता तवा पोचलो... पन पोचलो! लाउडस्पीकर म्हनला, "अमृतभाऊ आणि गाडी, दोघंही एकत्र आलेले आहेत!" शालन पदर तोंडाला लावून हसत व्हती का रडत व्हती ठावं न्हाई, पन लय बरं वाटलं बघा मला.

आन सासरच्या घरी गेलो तर काय? पाट मांडलेला, ताटाभवती रांगोळी, उदबत्ती! अंबूबाई सोता म्हनल्या, "जावईबापू, बसा."

वीस वर्षांनी म्हनल्या वो! आता कुटलं हाड दुखतंय ते सासूला सांगायचं कसं? म्हनलं, ऱ्हाऊ द्या, मी आपला उभाच बरा. ताट हातात घेतलं, भिंतीला टेकलो, जेवलो.

मागनं मेव्हना आईला हळूच काय म्हनला ठावं हाय? "बघितलंस? एक फेरी काय मारली, दाजींना लय चढली. बसा म्हनलं तरी बसंनात!"