मुनियाची बोरी

— बस ना मुन्ना, बहिनीले भेटाची येवढी काय घाई! झोपली हाये आतमंदी. कण्हून कण्हून आत्ताच डोळा लागला तिचा. च्या घे आधी, वाशीमहून भर उनाचा आला तू. फोन कोनं केला तुले? भागवतनं? नाई, माह्या पोरात येवढी हिंमत नाई. शेजारच्या रुपाबाईनंच केला असन — तिले दुसऱ्याच्या घरातलं लय दिसते.

काय झालं म्हनतं? काईच नाई झालं. आमी धुरा, वावराचा बांध, जाळून राह्यलो होतो. चैतात सारेच जाळतेत. आता त्या धुऱ्यावर एक बोरी, अन् बोरीत मुनियाचं घरटं — चिमणीहून लहान पाखरू ते, गवताचा गोल गोळा करते, वरतून झाकलेला, बाजूनं बोटभर दार. तुही योगिनी काम सोडून तिथंच उभी राहे, पिल्लं मोजे. लग्नाले सा वर्सं झाले, आपली कूस रिकामी, अन् पाखराचे पिल्लं मोजते — तोंडावरच म्हटलं म्या तिले. खोटं कायले बोलू?

त भागवतले म्हने, पंधरा रोज थांबा, पिल्लं उडू द्या. अन् तो हो म्हने! माह्या पोटचा गोळा — माह्या शब्दाले कदी थांबला नाई, हिच्या पाखरासाठी धुरा ठेवते! मंग तो मालेगावले गेला त्या दिवशी म्या पऱ्हाटीच्या वाळल्या काड्यायचा टेंभा पेटवला अन् तिच्याच हाती देला. ज्यानं माया लावली त्यानंच तोडावं, मनात घोर राहत नाई. नाई गा, मारलं नाई! मनगट धरलं होतं, बस. लयच वढून राह्यली होती ना.

बोरी पेटली तशी हिनं घरटं काढाले दोन्ही हात आत घातले. म्या सांगतलं होतं काय घाल म्हून? पानी? होतं ना, भरेल हंडा जवळच होता. पन पानी टाकलं असतं त बोरी अर्धीच राह्यली असती, मंग पुन्हा तेच घरटं, पुन्हा तेच —

चार दिवस झाले, हो. हळद लावली ना! दवाखान्यात नेलं असतं त त्यायनं इचारलं असतं, कसं भाजलं म्हून.

उठला काहून? मुन्ना, च्या राह्यला तुहा. मुन्ना, त्या दाराले हात लावू नको — भागवतले येऊ दे.

बरं, ने. ने मंग तिले. पन हातातल्या पाटल्या आमच्या हायेत. हात सुजले, निघनार नाईत त कापून घे — पन इथं ठेव अन् जाय.