टेबल थरथरलं तवा

लातुरात एक होता माझा ल्योक मिलिंद अन् एक होती मी, किल्लारीच्या भूकंपातून वाचलेली. मिलिंदनं छपाईचं दुकान टाकलं. एक क्लासवाले सर आले, म्हणले, "तुझा कम्प्युटर एका वेळी किती कामं पेलतो ते दाव, मगच परीक्षेचे पेपर छापायला देतो."

मिलिंदनं टायपिंग, गाणी, सिनेमा, प्रिंटर सगळं संगंच चालू केलं. माझा जीव थाऱ्यावर न्हाई. तेवढ्यात टेबल थरथरलं. मी वरडले, "पळा रं, भूकंप!"

सर माझ्याबी आधी रस्त्यावर!

"माय, प्रिंटर हाय त्यो!" मिलिंद आतून हसत होता.

आत आलो तर गाणं चालू अन् कागद निघतच होते. सर घाम पुसत म्हणले, "मावशी, आपण पळालो, पण ह्या कम्प्युटरनं एकबी काम सोडलं न्हाई."

तवापासून सर त्यांच्या क्लासचे सगळे पेपर आमच्याच दुकानात छापून घेतात.