एका डोंगराची दोन नावं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय रामकिशनजी, संस्थेचे सचिव नेमसिंगजी, व्यासपीठावरील मान्यवर, पालक, विद्यार्थी आणि आज निवृत्त होत असलेले आमचे धम्मानंद सर,

आत्ताच सचिवसाहेबांनी सरांचा गौरव 'जपानी भाषेचे जाणकार' असा केला. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. मुख्याध्यापक आहे, वाजवाव्या लागतात. पण चार वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये याच माणसाला आपण चिन्यांचा हस्तक म्हटलं होतं, ते कुणी बोललं नाही. मग मी बोलतो.

सर भूगोलाचे. विहारात आलेल्या एका जपानी भिक्खूंनी दिलेल्या पुस्तकांवरून चौदा वर्षं खपून ते जपानी शिकले आणि दर रविवारी शाळेत आठ मुलींना शिकवायला लागले. साखरा गावची दीक्षा त्यांत सगळ्यांत हुशार. तिला परीक्षा देऊन जपानात नर्सिंगच्या कामावर जायचं होतं. मी एकदा वर्गात डोकावलो, तर सरांनी फळ्यावर तीन उभ्या रेघांचं एक चिन्ह काढलेलं. "हा डोंगर. चिनी माणूस याला 'शान' म्हणतो, जपानी 'यामा'. बोलणं दोघांचं येगळं, कागदावर डोंगर एकच." जपान्यांनी ही अक्षरं शेकडो वर्षांपूर्वी चीनकडून घेतली. यात लपवण्यासारखं काय होतं?

पण ते दिवस चिनी मालावर बहिष्काराचे. एका पालकानं आखाडा बाळापूरच्या बाजारातून घेतलेल्या टॉर्चचं खोकं आणलं आणि वर्गातल्या जपानी अक्षरांच्या तक्त्याला लावून धरलं. "बघा, बराबर तीच अक्षरं! मास्तर लेकरायला चिनी शिकवून राहिला!" सर शांतपणे म्हणाले, "अहो, हिंदी पेपरची अन् मराठीची अक्षरं एकच हायेत ना? मंग भाषा एक झाली व्हय?" कुणी ऐकलं नाही. तक्ते फाडले. फाडणाऱ्यांतले तिघं आज दुसऱ्या रांगेत बसलेत, हार घेऊन.

मी भाषेचा शिक्षक. सरांचं खरं आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी नोटीस मीच लिहिली, 'चिनी भाषेचा अनधिकृत वर्ग'. वर्ग बंद. खुर्ची जाईल ही भीती, दुसरं काही नाही. दीक्षाची परीक्षा दोन महिन्यांवर होती. तिचे वडील घाबरले, तिला घरी बसवलं आणि दिवाळीनंतर लग्न लावून मोकळे झाले.

आता येत्या जूनपासून संस्थाच जपानीचा वर्ग काढते आहे. शिक्षक पुण्याहून येणार. सरांना कुणी साधं विचारलंही नाही. सचिवसाहेब, घड्याळ बघू नका, संपवतोच.

ती नोटीस सरांच्या सेवापुस्तकात अजून आहे. ती खोटी होती आणि ते मला ठाऊक होतं, असा लेखी जबाब मी आज सकाळी शिक्षणाधिकाऱ्यांकडे दिला. सरांना सांगितलं, तर म्हणाले, "आता काहून, सर?" लाज वाटली.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, शब्द कडू लागले असतील, तर पोटात घाला. नोटिशीची माफी मात्र मी या सभेकडे मागत नाही. ती मागायला परवा दीक्षाच्या सासरी सेनगावला गेलो होतो. तिनं चहा दिला आणि म्हणाली, "सर, मला आता त्यातलं एकबी अक्षर आठवत न्हाई."